‘दोघांपैकी एकाने तरी पुरुष व्हा’

पत्राचा गोषवारा (नाव, व्यवसाय आणि दोन्ही देश मुद्दाम गाळले आहेत) :

पत्रलेखक ३६ वर्षांचे. पत्नी दुसऱ्या देशातली, साडेपाच वर्षांचा एक मुलगा. ते ज्या घरात वाढले तिथे मित्राच्या गळ्यात हात टाकून चालणं किंवा निरोपाच्या वेळी डोळे भरून येणं कुणाला खटकत नाही. पण पुरुषाने पोराला अंघोळ घातली, कपडे वाळत टाकले, की थोरला भाऊ चारचौघांत ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ म्हणतो. वर ‘लेकरं सांभाळणं पुरुषाच्या रक्तातच नसतं’ हेही ऐकवतो. सासरी नेमकं उलट. सासरे स्वयंपाक करतात, इस्त्री करतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मात्र पुरुषाने डोळ्यांतून पाणी काढू नये, दुसऱ्या पुरुषाच्या अंगाला उगाच हात लावू नये आणि घरात मोडलेलं स्वतः दुरुस्त करावं, अशी त्यांची शिस्त. तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी न विचारता यांच्या बाथरूममधला गळका नळ दुरुस्त केला, तेही यांना लागलं आहे.

बारा दिवसांपूर्वी सासू-सासऱ्यांना सोडायला सगळे विमानतळावर गेले. मुलगा आजोबांना बिलगून रडू लागला आणि यांचेही डोळे भरून आले. सासऱ्यांनी खांद्यावर थाप मारून म्हटलं, ‘दोघांपैकी एकाने तरी पुरुष व्हा.’ त्याच क्षणी यांनी मुलाचा दंड धरून त्याला हिसकलं : ‘मुलीसारखा रडू नकोस!’ मूल एकदम गप्प झालं. पत्नी तेव्हापासून कामापुरतंच बोलते. यांचे प्रश्न तीन : दोन संस्कृतींपैकी कुणाचा पुरुष खरा? हे सगळं नाटकच असेल तर ते झुगारून का देऊ नये? आणि मुलाला काय शिकवायचं?

*

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय : ‘(हल्ली रडू आलं की तो बाथरूममध्ये जातो आणि आतून कडी लावतो. बायको म्हणते, कडीच काढून टाकू.)’ बारा दिवसांत एवढं शिकून झालं त्याचं. खरा पुरुष कोण, याचा खल आपण करू, मलाही तो आवडतो. पण आधी ती कडी.

ती काढू नका. मोठ्यांना दार लावून घ्यायची मुभा असते, ती त्यालाही असू द्या. तो आत गेला की तुम्ही बाहेर जमिनीवर बसा, ‘मी इथे आहे’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. त्याच्या आधी, शक्य तर आजच, त्याची माफी मागा. मोठी माणसं लहानांची माफी मागताना फार बोलतात, आणि शेवटी त्या पोरालाच त्यांची समजूत काढावी लागते. तसं होऊ देऊ नका. चार वाक्यं पुरेत. ‘विमानतळावर मी तुझ्यावर ओरडलो आणि तुझा हात ओढला. तुझं काही चुकलं नव्हतं. मलाही रडू येत होतं आणि आजोबांसमोर मला त्याची लाज वाटली. म्हणून ओरडलो, ते चूक होतं.’ आजोबांना खलनायक करू नका. त्याचं त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून तर तो रडत होता. महिना-दोन महिन्यांनीही तो लपूनच रडत राहिला, किंवा हसणं-बोलणं कमी झालेलं दिसलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा.

तुम्ही लिहिता, ‘माझ्यात तो माणूस कुठून आला, कळत नाही.’ मला थोडंफार कळतं, आणि ते काही माझं शहाणपण नव्हे. जेनिफर बॉसन आणि जोसेफ व्हॅन्डेलो हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे बरीच वर्षं लागले आहेत. २००८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बाईपण हे वयाबरोबर आपोआप येणारं मानलं जातं, पुरुषपण मात्र कमवावं लागतं, ते इतरांना दाखवावं लागतं आणि एका चुकीत हातचं जाऊही शकतं. पुढच्याच वर्षी त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला दिली, काहींना तशीच वेणी दोरांची घालायला दिली. बोटांचं काम तेच. त्यानंतर विचारलं : आता कोडं सोडवता, की ठोसे मारायच्या पिशवीवर ठोसे मारता? केसांची वेणी घातलेल्यांपैकी जास्त जणांनी पिशवी निवडली.

सासऱ्यांनी थाप मारली तेव्हा तुमच्या हातात ती केसांची वेणी होती. समोर पिशवी नव्हती, मुलाचा दंड होता.

हे तुमची सुटका करण्यासाठी सांगत नाही. तुम्ही ओढलंत ते ओढलंतच. पण ‘आपण आतून क्रूर आहोत’ असं जे तुम्ही चार पानं स्वतःला सांगताय, त्याने त्या मुलाचा काही फायदा नाही. ‘माझ्या पुरुषपणावर कुणी बोट ठेवलं की पुढची दोन मिनिटं मी धोकादायक असतो’, हे कळणं जास्त कामाचं. ती दोन मिनिटं ओळखता आली तर त्या वेळात बॅगा मोजायच्या, पाणी आणायला जायचं, काहीही करायचं; समोरच्या लहान माणसाशी बोलायचं नाही. (मी बाई आहे. ही परीक्षा मला द्यावी लागली नाही. तिचे निकाल घरी आलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.)

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही गृहीत धरलंय की खऱ्या पुरुषाचा नमुना कुठेतरी ठेवलेला आहे आणि तुमच्या भावापाशी किंवा सासऱ्यांपाशी त्याची जास्त अस्सल प्रत आहे. सहारा वाळवंटात आणि त्याच्या कडेला तुआरेग लोक राहतात. तिथे चेहरा झाकतात ते पुरुष, बायका नाही. तागेलमुस्त नावाचं लांबलचक कापड डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेलं असतं. परक्या आणि आदराच्या माणसांपुढे ते वर, पार नाकावर ओढलं जातं, आणि अशा माणसांत सासू-सासरे आले. सासऱ्यांपुढे तोंड कुठे लपवू असं होणारे जावई तुम्ही एकटे नाही. तुआरेगांनी तर त्याची सोयच करून ठेवली आहे. तुआरेग ज्या देशांत राहतात त्यांतल्याच एका, नायजर देशात वोडाबे हे गुराखी लोक आहेत. त्यांच्या गेरेवोल उत्सवात तरुण पुरुष चेहरे रंगवतात, डोळ्यांचा आणि दातांचा पांढरेपणा उठून दिसावा म्हणून डोळे विस्फारून, दात दाखवत ओळीने नाचतात, आणि सगळ्यांत देखणा कोण ते तरुणी ठरवतात. एकाच देशातले हे दोन समाज. एकात पुरुषाने तोंड झाकण्यात अब्रू, दुसऱ्यात तेच तोंड रंगवून मिरवण्यात. यातला कुठला पुरुष खरा, हा प्रश्न तिथे विचारून पाहा.

तरीही सगळं वाऱ्यावर आहे असं मी म्हणणार नाही. डेव्हिड गिलमोर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० साली जगभरच्या समाजांतल्या पुरुषपणाच्या कल्पना शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. तीन मागण्या त्याला पुन्हा पुन्हा दिसल्या : वंश वाढव, रक्षण कर, पोस. त्याचबरोबर दोन ठळक अपवादही त्यानेच नोंदवले, ताहिती बेट आणि मलेशियातले सेमाई. तिथे पुरुषाने स्वतःला सिद्ध करावं असा धोशा जवळपास नाही. त्याचं म्हणणं असं की जिथे जगायला जिवावर उदार व्हावं लागतं तिथे समाज मुलांना कठोर करतो. जिथे मासळी हाताशी आणि लढाया नाहीत, तिथे गरज पडत नाही. मला हे अर्धंच पटतं. कारण मध्य आफ्रिकेतल्या जंगलात आका लोक शिकार करूनच जगत आले, आणि तिथले बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाला घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतात, असं बॅरी ह्यूलेट या अभ्यासकाने प्रत्यक्ष निरीक्षणं करून, वेळ मोजून दाखवलं. आई जवळ नसेल तर बाप रडणाऱ्या बाळाला स्वतःच्या छातीला लावतो. दूध नसतं, पण बाळ शांत होतं. आका नवरा-बायको जाळी लावून एकत्र शिकार करतात. मला वाटतं इथे जंगलाच्या धोक्यापेक्षा ही गोष्ट निर्णायक असावी : कामात जोडीने असलेली माणसं घरातही जोडीने असतात.

आता लगेच हा आका बाप उचलून भावाच्या अंगावर फेकू नका. दूरच्या माणसांची उदाहरणं वादात दगडासारखी वापरली की समोरचा ती दगडासारखीच परत फेकतो. ‘रक्तातच नसतं’ या त्याच्या वाक्याला मात्र सरळ उत्तर आहे. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या ६२४ तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन इतरांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलात घालवणाऱ्या बापांचं तर ते आणखी कमी होतं. म्हणजे बाप होणं रक्ताला कळतं. भावाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा; ‘हार्मोन कमी होतं’ एवढंच ऐकून तो आणखी दहा विनोद करील, अशी मला धास्ती आहे. मी असते तर पुढच्या वेळी त्याने मांजर म्हटलं की टॉवेल त्याच्याच हातात दिला असता. ‘ये, डोकं पुसायचंय त्याचं.’ थोरल्या भावांना वादात हरायला आवडत नाही, पण पुतण्याचं ओलं डोकं ते सहसा नाकारत नाहीत.

दुसरा प्रश्न मला जास्त अडचणीचा वाटतो, कारण त्यात तुमचा राग आहे. ‘हे सगळं नाटकच आहे तर मी का करू?’ नाटक आहे हे मान्य. पण नाटक म्हणजे खोटं, हे गृहीतक तपासा. हात जोडणं, मान लववणं, उठून जागा देणं, हेही शिकलेलंच असतं, तरी त्यातला आदर खरा असू शकतो. २००५ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासमधल्या आपल्या रँचवर सौदी अरेबियाचे तेव्हाचे युवराज अब्दुल्ला यांचा हात हातात घेऊन चालले. अमेरिकेत त्या छायाचित्रावर टिंगलीचा पाऊस पडला. अरब जगात दोन पुरुषांनी हात धरणं म्हणजे मैत्री आणि मान, एवढंच. दोन्ही पुरुष तेच होते, पाहणारे बदलले.

तुमच्या नळाचंही तसंच झालं असेल का? तुम्ही वाचलंत : ‘तुला साधा नळ दुरुस्त करता येत नाही.’ ज्या माणसाला मिठी मारायची मुभाच मिळाली नाही, तो तीन आठवडे लेकीच्या घरात राहून, परत जायच्या आधी, काय करून जाईल? त्याच्या हातात पाना आहे, तो पाना चालवील. मी चुकतही असेन. खवचट सासरे जगात कमी नाहीत. पण तुमच्या पत्रात ते नातवाला बिलगू देतात, मुलीच्या घरी इस्त्री करतात आणि निघायच्या आदल्या रात्री न सांगता नळाचा वायसर बदलतात. हे मला हिणवणाऱ्या माणसाचं वर्णन वाटत नाही.

म्हणून सगळंच गोड मानायचं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत खोसा समाजात मुलाला पुरुष करणारा सुंतेचा विधी आहे, उलवालुको. नेल्सन मंडेलांचा तो १६ व्या वर्षी झाला आणि त्याबद्दल त्यांनी अभिमानानेही लिहिलं, त्यातल्या भीतीबद्दलही लिहिलं. याच विधीच्या हंगामांत अजाण हातांमुळे, अस्वच्छतेमुळे, पाणी न दिल्यामुळे मुलं दगावत आली आहेत. २०२१ साली तिथे अशा विधींवर देखरेखीसाठी कायदा करावा लागला. तिथले अनेक आईबाप ‘विधी नको’ म्हणत नाहीत, ‘मूल जिवंत परत द्या’ म्हणतात. मला हा प्रश्न तुमच्या ‘झुगारून द्यावं का’ पेक्षा धारदार वाटतो : या रीतीची किंमत कोण भरतंय? सासऱ्यांच्या कोरड्या डोळ्यांची किंमत ते स्वतः भरत असतील तर तो त्यांचा मामला. विमानतळावर ती साडेपाच वर्षांच्या मुलाने भरली. तिथे संस्कृतीचा आदर वगैरे थांबतो. फोन करा आणि संस्कृती हा शब्द न उच्चारता सांगा : ‘माझ्या रडण्याबद्दल तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याच्यासमोर रडण्यावरून, त्याला किंवा मला, नको.’ पत्नीला दुभाषी करू नका. ती आधीच दोन्हीकडून ओढली जातेय.

तिच्या अबोल्याबद्दल एक शंका. तुम्हाला वाटतं, ती मुलासाठी रागावली आहे. पण तुमचं वाक्य पुन्हा वाचा : ‘मुलीसारखा रडू नकोस.’ ती मुलगी होती एकेकाळी. ‘बांगड्या भरल्यात का’ म्हणणारे आपण सगळे हेच करतो. पुरुषाला टोचायचं असतं, सुई बाईची वापरतो. तिच्याशी बोलताना ‘मी चिडलो होतो’पाशी थांबू नका, त्या शब्दाबद्दल वेगळं बोला.

आणखी एक. तुम्ही ‘त्यांच्याकडे’, ‘आमच्याकडे’ असं सतत लिहिता, जणू सासरे म्हणजे त्यांचा अख्खा देश आणि भाऊ म्हणजे तुमचा. रेविन कॉनेल या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ बाईंनी हे फार पूर्वीच सांगितलं : एकाच समाजात एका वेळी पुरुषपणाच्या अनेक तऱ्हा नांदतात, त्यातली एक वर बसते आणि बाकीच्यांना तिच्या मापाने मोजलं जातं. ज्यांचं सासर-माहेर एकाच गल्लीत आहे अशांचीही पत्रं मला याच तक्रारीने येतात. तिथे वडिलांचा काळ आणि मुलाचा काळ हेच दोन देश असतात.

आणि वर बसलेली तऱ्हा बदलतेही, फक्त उपदेशाने बदलत नाही. स्वीडनने १९७४ साली बाळंतपणाच्या रजेऐवजी आई-बाप दोघांना वाटून घेता येईल अशी रजा दिली. पहिल्या वर्षी त्यातले जेमतेम अर्धा टक्का दिवस बापांनी घेतले. मग सरकारने जाहिरात काढली. तिच्यात लेनार्ट डालग्रेन हा धिप्पाड वेटलिफ्टर आपल्या दंडांवर तान्हं बाळ घेऊन हसतोय. मला ती जाहिरात फार आवडते, लबाड आहे म्हणून : जुन्या पुरुषाचेच दंड वापरून नवा बाप विकायचा. पण नुसत्या फोटोने आकडा फारसा हलला नाही. १९९५ मध्ये एक महिना असा राखीव झाला की बापाने किंवा आईने स्वतः घेतला नाही तर बुडाला. २०१६ पासून असे तीन महिने आहेत. आता तिथले बाप साधारण ३० टक्के दिवस घेतात. तुमच्या भावाला अशी रजा मिळाली नव्हती, तुम्हाला मिळाली आणि तुम्ही ती ‘तब्येतीच्या कारणाने’ म्हणून घेतलीत, हेही तुमच्याच पत्रात आहे. पुढच्या वेळी अर्जावर खरं कारण लिहा. तुमच्या हाताखालच्या पोरांना ते वाचायला मिळेल. ही सूचना इतर वाचकांसाठीही, विशेषतः ज्यांच्या सहीने इतरांच्या रजा मंजूर होतात त्यांच्यासाठी.

मुलाला काय शिकवू, असं विचारलंत. तुम्ही इतकी वर्षं एक हिशेब मांडत आलात, तो मला उलटा वाटतो. भावाकडे अंघोळ घालायची बंदी, सासऱ्यांकडे रडायची बंदी; तुम्ही दोन्हीकडच्या बंद्यांची बेरीज केलीत आणि हाती काहीच उरलं नाही. परवानग्यांची बेरीज करून पाहा. एका घराने तुम्हाला मित्राच्या खांद्यावर हात टाकायला आणि निरोपाला रडायला मोकळं ठेवलं. दुसऱ्याने इस्त्री, स्वयंपाक, पाना हातात घ्यायला मोकळं ठेवलं. एकाच घरात वाढलेल्या मुलाला यातलं निम्मंच मिळतं. तुमच्या मुलाला सगळं मिळू शकतं, आणि त्यासाठी ‘पुरुष म्हणजे काय’ यावर व्याख्यान द्यावं लागत नाही. त्याने तुम्हाला मित्राला मिठी मारताना पाहावं, शर्टाची कॉलर इस्त्री करताना पाहावं, आणि एखाद्या दिवशी रडताना पाहावं. रडून झाल्यावर तोंड धुऊन तुम्ही पुन्हा कामाला लागलात हेही त्याने पाहावं. डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे घर कोसळत नाही, हे मुलाला सांगून कळत नाही.

बाहेर मात्र त्याला चिडवतील. शाळेत, मैदानावर. त्याला तिथे हुतात्मा करू नका. तिथे कसं वागायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, तो तिथे डोळे पुसून टाकील तर टाकू द्या. फक्त घरात कडी लावायची गरज पडू नये, एवढंच आपल्या हातात.

तो नळ पुन्हा गळेल. वायसर कायमचा टिकत नाही. गळला की स्वतः घाई करू नका, प्लंबरलाही बोलावू नका. सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावा, फोन नळासमोर नीट टेकवा आणि म्हणा, ‘मला येत नाही, दाखवता?’ पाना मुलाच्या हातात द्या. आधी मेन कॉक बंद करायला विसरू नका.